आत्यासाहेबांचा विडा

आत्या, पेपरात तुझं निधन चार ओळींत आटोपलं. मजकूर दादाने कॅनडातून फोनवर सांगितला आणि मी लिहून दिला. त्यात तू आधी कोणाची तरी मुलगी होतीस, मग आमच्या अण्णांची थोरली बहीण आणि मग आमची आत्या. इतकी वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवलास, ते शेवटच्या ओळीत आलं, तेही जागा उरली म्हणून. मी दादाला म्हटलं, 'निवृत्त शिक्षिका' हे आधी घेऊ या का. तो म्हणाला, अगं, लोकांना कळायला नको का आपल्यातलं कोण गेलं ते. तू असतीस तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाली असतीस की बरोबर आहे रोहितचं, बाई गेली की आधी नातं छापायचं आणि मग माणूस. आणि त्याच पेपरवर मेथी निवडायला बसली असतीस.

म्हणून हे वेगळं लिहितेय. पाठीमागे कोणी गुणगान केलेलं तुला खपलं नसतं, तर त्याची काळजी करू नकोस. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि गेल्या आठवड्यात त्यात एक असा पुरावा माझ्या हाती लागलाय की तो तुझ्यापुढे ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

घरात तुला सगळे अहो-जाहो करायचे. अण्णा 'आक्का, तुम्ही' म्हणायचे, आई तुझ्यासमोर डोक्यावरचा पदर सावरायची. आम्ही पोरं आत्या म्हणायचो म्हणून गावाकडची माणसंही तुला आत्यासाहेब म्हणायची. अगं-तुगं करणारी मी एकटी. त्यावरून आईने मला एकदा दटावलं तेव्हा तू म्हणालीस, राहू दे, मला 'तू' म्हणणारं घरात एक तरी माणूस असू दे. तुझं खरं नाव शालिनी आहे हे मला बरीच मोठी झाल्यावर कळलं. बँकेत तुझ्याबरोबर गेले होते आणि खिडकीतून कोणीतरी ते पुकारलं, तेव्हा मी इकडे तिकडे बघायला लागले होते.

मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात आहे आणि उरलेल्या वेळात अद्भुत कादंबऱ्या लिहिते. लोकांना ओळख करून देताना तू सांगायचीस, ही आमची भाची, दिवसा खऱ्या मुलांचे निकाल लावते आणि संध्याकाळी खोट्या राज्यांचा कारभार बघते. पण त्या खोट्या राज्यांची पहिली वाचक तूच. रविवारी सकाळी मी छापील पानं घेऊन बिबवेवाडीला यायचे. तू गॅलरीत खुर्ची टाकून वाचायला बसायचीस आणि मी आत पोहे करता करता तुझ्या पान उलटण्याकडे कान देऊन असायचे. पानं भराभर उलटली की बरं वाटायचं. बराच वेळ आवाज आला नाही की समजायचं, बाईंना काहीतरी सापडलं.

पहिल्या कादंबरीत सापडलं ते माझ्या नायिकेचं बिरुद. वाघनदीचं खोरं हा माझा देश, तिथे हत्ती उडतात, आणि तिथल्या गादीवर ताम्रा नावाची मुलगी बसते कारण ती थोरली आहे. मुलगा की मुलगी हा प्रश्न त्या देशात कोणी विचारतच नाही. मी तिला महाराणी केलं होतं. तू आत येऊन विचारलंस, महाराज कुठायत? मी म्हटलं, महाराज नाहीत, हीच आहे. मग ही महाराणी कशी झाली, असं तुझं म्हणणं, कारण महाराणी व्हायला आधी महाराज लागतात. मी सम्राज्ञी करून पाहिलं, तुला तेही पटलं नाही. शासक म्हटलं तर म्हणालीस, याच्यावर परीक्षेत प्रश्न येतात, याच्यासाठी कोणी लढायला जात नाही. उडत्या हत्तींबद्दल मात्र तुझी एकच शंका होती, त्यांची लीद कुठे पडते आणि ती कोण उचलतं. त्या लिदीवर मी पुढे एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि वाचकांना नेमकं तेच आवडलं.

तुझा मुद्दा मी इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय. पुरुषाला हुद्दा मिळतो आणि बाईला नातं मिळतं. सेनापती, सरलष्कर, देशमुख, पाटील, हे हुद्दे. ते बापाकडून लेकाकडे जातात, काढून घेता येतात, त्यांच्यापायी भाऊ भावाच्या उरावर बसतात. बायकांना काय, तर आईसाहेब, मातोश्री, वहिनीसाहेब. कोणाची तरी आई नाहीतर कोणाची तरी वहिनी. नात्याला 'साहेब' चिकटवलं म्हणून त्याचा हुद्दा होत नाही, हे तू अगदी फळ्यावर लिहून दिल्यासारखं सांगायचीस. ज्या बायकांनी खरोखर राज्य केलं, फौजा हलवल्या, निवाडे दिले, त्यांच्यातल्याही बहुतेकींनी आधी गादीवर एक पोर बसवलं, पोटचं नसेल तर दत्तक आणलं, आणि सगळे कागद त्याच्या नावाने काढले. पोर अंगणात खेळत असायचं आणि आईसाहेब आत बसून मुलूख सांभाळायच्या.

बाहेरच्या देशांचीही तू हजेरी घ्यायचीस. राजाच्या बायकोला राणी म्हणताना कोणी दोनदा विचार करत नाही, पण राणीच्या नवऱ्याला राजा म्हणायची वेळ आली की दरबाराच्या पोटात गोळा येतो, कारण तो राजा झाला म्हणजे तिच्या वर गेला. मग त्या बिचाऱ्यासाठी काहीतरी कमी मानाचं बिरुद शोधत बसायचं. एका देशात म्हणे गादीवर मुलगी आली आणि तिला काय म्हणायचं हे कायद्यात नव्हतं, तेव्हा त्यांनी सरळ तिच्यावर राजा म्हणूनच मुकुट ठेवला. हे सांगताना तू चहा गाळत होतीस, आणि गाळणं हातात तसंच धरून हसत उभी राहिलीस. मग मला विचारलंस, तुझ्या ताम्राच्या नवऱ्याला काय म्हणतात? उडत्या हत्तींची वंशावळ मी पणज्यापर्यंत रचली होती आणि ताम्राच्या नवऱ्याचा विचारच केला नव्हता.

माझंही म्हणणं होतं, आणि ते मी अजून सोडलेलं नाही. हा देश मी मनाने रचलाय. तिथेसुद्धा आपली रडगाणी कशाला न्यायची? एखाद्या पोरीला कुठेतरी गादी फुकट मिळू दे की. वाचणारी मुलगी तेवढा वेळ तरी कोणाची कोणी नसू दे. यावर तू एकदा म्हणाली होतीस,

"मिळू दे फुकट. पण मग त्या देशातल्या बायकांना राग कशाचा येतो, तेही लिही. राग न येणाऱ्या बायका मी तरी पाहिलेल्या नाहीत."

त्या दिवशी मी तुझ्यावर रुसून पोहे न खाता घरी गेले आणि वाटेत रिक्षात बसून ताम्राला एक धाकटी बहीण दिली, जिला गादी मिळत नाही आणि जी भयंकर चिडलेली आहे. दुसऱ्या भागात सगळ्यात जिवंत माणूस तीच निघाली. तुझ्याकडून मी असं बरंच काही घेतलं, आणि आभार मानायला लागले की तू कुकर लावायला उठायचीस.

मग अण्णा गेले आणि विड्याचा प्रश्न आला. आपल्या घराण्याची देशमुखी कधीच खालसा झाली, जमिनी वाटण्यांमध्ये गेल्या, आणि उरला तो एवढा विडा. भोरच्या पुढे आपलं गाव, तिथे चैत्रात भैरवनाथाची यात्रा. यात्रेआधी गावातली दोन वडीलधारी माणसं पुण्याला येतात आणि आपल्या घरातल्या मानकऱ्याच्या ओंजळीत विडा आणि नारळ देतात. यात्रेच्या दिवशी देवळासमोर गुरव त्या मानकऱ्याचं नाव पुकारतो. त्याचा नारळ फुटल्याशिवाय पालखी उठत नाही. आजोबांनंतर हा मान अण्णांकडे आला होता. अण्णांनंतर तो दादाचा, आणि दादा तर कॅनडात. त्या वर्षी बबनतात्या आणि पोपटराव एसटीने कात्रजला उतरले आणि रिक्षा करून तुझ्या घरी आले. पानांच्या द्रोणात विडा आणला होता आणि दोघंही पेचात पडलेले दिसत होते.

बबनतात्यांनी येतानाच तोड काढली होती. मान रोहितदादांचाच राहील, पण त्यांच्या नावाने आत्यासाहेबांनी घ्यावा आणि नारळ त्यांनी फोडावा. आत्या, तू आजोबांची पहिली मुलगी. मुलगा असतीस तर आजोबांच्या मागे तो विडा सरळ तुझ्याच हातात आला असता, अण्णांचा नंबरच लागला नसता. मी तिथल्या तिथे म्हणाले, नावाने कशाला, तिला स्वतःच्याच नावाने घेऊ द्या. पोपटराव बशीतल्या चहाकडे बघत राहिले. बबनतात्या छताच्या पंख्याकडे. तू पदर पुढे घेतलास, ओंजळ केलीस आणि शांतपणे म्हणालीस,

"रोहितच्या नावाने घेते."

ती माणसं गेल्यावर आपलं जे झालं ते तुला आठवत असेलच. तू कपबश्या विसळत होतीस आणि मी ओट्याशी उभी राहून बोलत होते. वर्गात मुलींना जे सांगून सांगून तुझा घसा बसला, तेच तू केलंस. गादीवर पोर आणि आईसाहेब कारभारी. फरक इतकाच की हे पोर चाळिशी ओलांडलेलं आहे आणि बर्फ उपसतंय. तू म्हणालीस, आधी हातात तर येऊ दे. मी विचारलं, आणि नावाचं काय? तू म्हणालीस, नावाचं मागाहून बघू. मला ती पळवाट वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. तू नळ बंद केलास, हात पुसलेस आणि विचारलंस, जेवायला थांबणार आहेस ना. मी थांबले. आमटी नेहमीसारखीच झाली होती.

त्यानंतर दर चैत्रात तू पिशवी भरून गावाला जायचीस. मी एकदाही आले नाही. चैत्रात आमच्याकडे परीक्षा असतात आणि रजा मिळत नाही, हे खरं. दादाच्या नावाचा नारळ तुझ्या हातून फुटताना मला बघायचा नव्हता, हेही तितकंच खरं. तू परतलीस की मी मुद्दाम विचारायचे, काय म्हणते पालखी, कोणाच्या नावाने उठली? तू म्हणायचीस, उठली, ऊन फार होतं. आणि प्रसादाचं खोबरं पुढे करायचीस. दर वर्षी हेच. मला वाटायचं, तुला वाईट वाटतंय म्हणून तू विषय टाळतेस, आणि मग मीही फार ताणायचे नाही.

ताणलं ते पुस्तकात. तिसऱ्या भागात मी पाचूदेवी आणली. शेजारच्या देशात भाचा लहान म्हणून त्याच्या नावाने राज्य करणारी एक आत्या, गुळमुळीत, भित्री, आणि अंगभर दागिने. भर दरबारात ताम्रा तिला विचारते, आपण कोण? पाचूदेवी म्हणते, मी यांची आत्या. दरबार हसतो. ते प्रकरण मी तुला दिलं आणि आत जाऊन कान लावून बसले. तू ते कुठेही न थांबता वाचलंस. मग पानं जुळवून टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, हिच्या अंगावरचे दागिने कमी कर, खऱ्या कारभारणीला एवढं घालून बसवत नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणालीस, दरबार हसतो ते ठीक आहे, पण दरबाराबाहेरची माणसं हिचं ऐकतात का, ते लिहायचं राहिलंय. मी म्हटलं, तू स्वतःची बाजू घेतेयस.

"मी तुझ्या कादंबरीची बाजू घेतेय," तू म्हणालीस. "माझं माझं मी बघेन."

मग तुझं दुखणं निघालं आणि सगळंच मागे पडलं. दवाखान्यात चार वाक्यं बोललीस की तुला धाप लागायची, तरी ताम्राची चौकशी असायची. शेवटी तिला काय म्हणणार, ठरलं का? मी म्हणायचे, नाही. ठरव बाई लवकर, मी काय इथे कायमची बसलेय का, असं तू म्हणालीस आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईसुद्धा हसल्या. त्यातच एकदा म्हणालीस, या वर्षी यात्रेला तू ये, रजा टाक. मी म्हटलं, बघते. फाल्गुन संपता संपता तू गेलीस. रविवारी सकाळी अजून माझे हात आपोआप पानं गोळा करायला लागतात, आणि मग ती कोणाकडे न्यायची ते सुचत नाही. तुझी फार आठवण येते, आत्या. हे तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नसते, म्हणून इथे म्हणून घेतेय.

दादा तेराव्याला येऊन गेला. निघताना म्हणाला, विड्याचं तू बघ, माझं नाव चालू ठेवायचं तर ठेव, मला काही हरकत नाही. हे त्याने इतक्या उदारपणे सांगितलं की मला विमानतळापर्यंत त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात मी तुझं घर आवरत होते, साड्या वेगळ्या करत होते, तेवढ्यात बेल वाजली. बबनतात्या आणि पोपटराव. तात्या आता काठी घेऊन चालतात, जिने चढून आल्यावर बराच वेळ नुसते बसून होते. मी पाणी दिलं. तुझ्याबद्दल दोन वाक्यं बोलले, आणि तुझ्या गॅलरीतल्या खुर्चीकडे बघून पोपटरावांनी डोळे पुसले. चहा झाल्यावर तात्यांनी पिशवीतून द्रोण काढला. मी तयारीतच होते. इतक्या वर्षांत मनात घोळवलेलं भाषण होतं माझ्याजवळ. तात्या काही बोलायच्या आतच मी म्हणाले, तात्या, दादाच्या नावाने मी विडा घेणार नाही, आधीच सांगते.

तात्यांना काही कळलंच नाही.

"रोहितदादांचं नाव कशाला?" ते म्हणाले. "इडा आत्यासाहेबांचा हाय."

मी त्यांना समजावून सांगायला गेले की विडा दादाचा होता, आत्या तो फक्त त्याच्या नावाने घेत होती, आणि ही तोड याच खोलीत तुम्हीच मांडली होती. तात्यांनी आठवून पाहिलं. असं ठरलं हुतं खरं, म्हणाले. बाकीचं पोपटरावांनी सांगितलं. पहिल्या वर्षी गुरवाला सकाळी दादाचं नाव सांगून ठेवलं होतं. आयत्या वेळी तो ते विसरला. नाव नवं, माणूस कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, ढोल वाजतायत, भोई पालखीला खांदा देऊन उभे, आणि समोर नारळ घेऊन तू. त्याने जे दिसलं ते पुकारलं, आत्यासाहेबांचा नारळ. तू पुढे झालीस, फोडलास, पालखी उठली. दुसऱ्या वर्षी दोन-चार जुन्या माणसांनी हरकत काढली, पण गेल्या वर्षी सगळं नीट पार पडलंय तर बदलायचं कशाला, म्हणून गुरवाने पुन्हा तेच पुकारलं. नंतर कोणी विषयच काढला नाही. गावातल्या नव्या पोरांना दादा माहीतसुद्धा नाही. गेल्या वर्षीच्या यात्रेच्या फ्लेक्सचा फोटो पोपटरावांच्या मोबाइलवर होता. वर भैरवनाथ, खाली निवडणुकीला उभे राहू इच्छिणारे सगळे हात जोडून, आणि मधोमध तू, पॅनकार्डावरच्या त्या वैतागलेल्या चेहऱ्याने. खाली लिहिलेलं, मानाचा नारळ, आत्यासाहेब.

मी हसले, आणि मग फोटो मोठा करून खालची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्या दोघांना वाटलं असेल, फोटो बघून आठवण आली.

हा माझा पुरावा, आत्या. दर चैत्रात त्या गर्दीत उभी राहून तू स्वतःच्या कानाने ते ऐकत होतीस. आणि इथे येऊन मला सांगायचीस, ऊन फार होतं. का सांगितलं नाहीस? मी आठवडाभर हेच उगाळतेय. एक तर तू वाद हरली होतीस. नात्याला 'साहेब' चिकटवलं म्हणून हुद्दा होत नाही म्हणणारीच्या नात्याचा, तिच्या डोळ्यांदेखत, गावाने हुद्दा करून टाकला होता, आणि ते मला सांगायचं म्हणजे हार कबूल करावी लागली असती. किंवा तुला भीती असेल की मी ते कादंबरीत घालीन आणि त्याची वाट लावीन. ती भीती रास्त होती. की आयुष्यात ही एकच गोष्ट अशी होती जी कोणाची मुलगी, कोणाची बहीण म्हणून मिळाली नव्हती, आणि ती तुला काही दिवस कोणाला न दाखवता जवळ ठेवायची होती? तसं असेल तर माझं भांडण मी मागे घेते. बाकी कारणांसाठी घेणार नाही.

मीही हरलेच म्हणा. मी म्हणत होते, गादी हवी तर सरळ नाव घेऊन मागायची. तू मागितलीच नाहीस. नुसती दर वर्षी उन्हात जाऊन उभी राहिलीस. अजूनही मला वाटतं की तू त्या दिवशी मागायला हवं होतंस, आणि तुला अजूनही वाटत असेल की मागितलं असतंस तर द्रोण परत गेला असता. यावर आपलं एकमत होणार नाही.

शेवटी मी तात्यांना विचारलं, मग आता पुकारणार कोणाचं नाव?

"आत्यासाहेबांचं," ते म्हणाले. "आता आत्यासाहेब तुमी."

मी म्हटलं, मी कशी? गावात मी कोणाचीच आत्या नाही. पोपटरावांनी लगेच आठवण करून दिली की रोहितदादांना लेक आहे. तात्यांनी हात हलवून त्यांना थांबवलं.

"लेक नसती तरी चाललं असतं. मानाचं नाव हाय ते. ज्याच्या हातात इडा, ते आत्यासाहेब."

माझं स्वतःचं नाव अगदी जिभेवर होतं. तेच सांगायचं असं मी इतकी वर्षं ठरवून ठेवलं होतं, आणि तात्यांनी बहुधा ते मान्यही केलं असतं, पायऱ्या पुन्हा उतरायच्या होत्या त्यांना. मी ते सांगितलं नाही. आपल्या घराण्यात आजवर जे काही आलं ते बापाकडून नाहीतर नवऱ्याकडून आलं. हे एकच तुझ्याकडून येत होतं, आत्याकडून भाचीकडे, मध्ये कोणी पुरुष नाही. ते नाकारून मी काय सिद्ध करणार होते? मला पदर नव्हता, मी ओढणी पुढे धरली. तात्यांनी विडा ठेवला, त्यावर नारळ ठेवला. नारळ मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होता.

कॉलेजात रजेचा अर्ज दिलाय. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा घरगुती काम म्हणून सांगितलं. पाचूदेवीचे दागिने काढलेत, दरबाराबाहेरची माणसं तिचं ऐकतात का ते लिहायला घेतलंय, आणि लिहिता लिहिता ती मला आवडायला लागलीय. ताम्राला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. ते खोऱ्यातली माणसं ठरवतील, मला थोडं थांबावं लागेल.

यात्रा परवा आहे. ढोल वाजत असतील, भोई खांदा देऊन उभे असतील, आणि गुरव पुकारेल. पहिल्या वर्षी त्याने तुला पुकारलं तेव्हा तू लगेच पुढे झालीस, की आधी मागे वळून पाहिलंस, दुसऱ्याच कोणाला तर बोलावत नाहीत ना म्हणून? पोपटरावांना मी विचारलं, त्यांना काही आठवत नाही. हे मला फक्त तूच सांगू शकली असतीस, आत्या, आणि आता तिथे मला उभं राहायचंय.